मागं राहिलेली गुरं

खारकोंडात पुतळाबाईचं घर विचारलं की लोक सांगत, "सरळ जा. ज्या अंगनात नुसते खुंटे हायेत न् गुरं नायत, ते तिचं."

पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला आगऱ्यांची जी गावं लागतात, त्यांतलं हे एक लहानसं गाव. घरांपुढं खारीची भातशेती, शेतांपलीकडे बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. सत्तर सालानंतर नवं शहर वसवायचं ठरलं आणि जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. पुतळाबाईची शेतं पहिल्या फेरीतच गेली. नवरा देवजी आधीच खोकल्यानं खंगलेला होता. आता नांगर धरायचा नाही हे कळल्यावर तो खाटेवरून उठायचंच विसरला, आणि दोन पावसाळे कसेबसे काढून गेला.

तिचं सुतक फिटायच्या आतच धाकट्या दिरानं, कान्हानं, तिची बैलजोडी आणि चंद्री नावाची म्हैस म्हसा गावच्या जत्रेतल्या बाजारात नेऊन विकली. तिला विचारलं नाही. तेराव्यानंतर ती पहिल्यांदा अंगणात आली तर खुंट्यांना नुसती दावी लोंबत होती.

"जमीन नाय, तर खायला काय घालनार व्हतीस?" कान्हा म्हणाला. "आनि बैल काय देव्हाऱ्यात ठेवायचे?"

कान्हा वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण पुतळाबाईनं तेव्हाच सांगून टाकलं, "तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवनार नाय." दोन्ही घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत. इकडची फोडणी तिकडे कळायची, तिकडचा खोकला इकडे. पण बोलणं बंद झालं ते झालं. जाऊ रखमा विहिरीवर भेटली की खाली बघून घागर भरी, आणि पुतळाबाई तिच्याआधी निघून जाई.

मुलगा सुभाष तळोज्याला एका कारखान्यात लागला. तिकडेच खोली घेऊन बायकोला घेऊन राहिला. पुतळाबाई गावातच राहिली. हंगामात मिठागरावर जाई, एरवी भाजी लावी. पण जाता-येता दुसऱ्यांच्या गुरांच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय तिचा पाय पुढं पडत नसे. कुणाची म्हैस पान्हा चोरू लागली की बायका तिला हाक मारत. ती जाई, कासेला कोमट पाणी लावी, काहीतरी पुटपुटत धार काढून देई, आणि घरी आली की हात लवकर धूत नसे. तिच्या सुनेनं, जयमालानं, एकदा हे पाहिलं आणि नाक मुरडलं. पुतळाबाई तिला काय सांगणार?

चौऱ्याऐंशीचा जानेवारी आला. जमिनीला न्याय्य भाव मिळावा म्हणून गावंच्या गावं रस्त्यावर आली होती. खारकोंडातलेही सगळे बापे गेले होते, निम्म्या बायाही. दुपारी बातमी आली की खालच्या रस्त्यावर गोळीबार झाला. कोण गेलं, कोण राहिलं, काही कळेना. संध्याकाळपर्यंत एकेक जण धापा टाकत परत येऊ लागला. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या पायात चप्पल नाही. रात्री पोलीस घराघरांत शिरणार, दिसेल त्याला उचलणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. खरं-खोटं करायला वेळ कुणाला होता? बापे तिवरांत उतरले, काही होड्या घेऊन पलीकडे गेले. बायांनी पोरं कडेला मारली आणि शेतांतून आडवाटेनं माहेरची, पाहुण्यांची गावं धरली. कुणी करंजाड्याला, कुणी पेणकडे.

शेजारची सखू तिला ओढत म्हणाली, "काकी, चल ना."

"मना म्हातारीला कोन काय करनार?" पुतळाबाई म्हणाली. "माझे गुडघे बांधावर चालायचे नायत. तुमी जा."

खरं म्हणजे तिला कुणाच्या दारात पाहुणी म्हणून बसायचं नव्हतं. गावात ती राहिली, आणि वरच्या आळीला नामादादा राहिला, कारण त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि हट्टानं तो कुणाच्या पाठीवर बसला नाही.

सकाळी तिला जाग आली ती रेकण्यानं.

एक म्हैस रेकली की दुसरी उत्तर द्यायची. मग बैलांचं हुंकारणं, शेळ्यांची ओरड. साऱ्या गावातून आवाज येत होता, आणि त्या आवाजाला हाक देणारं एकही माणूस नव्हतं. लोक रात्री गेले ते उद्या येऊ म्हणून गेले होते. गुरं जशी बांधली होती तशीच दावणीला होती. पुतळाबाई अंगणात उभी राहिली. आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, असं एकदा तिच्या मनात आलं. मग सखूच्या गोठ्यातली भुरी पुन्हा रेकली, आणि पुतळाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

भुरीची कास दगडासारखी झाली होती. हात लावताच ती लाथ झाडू लागली. "वगी रहा गो, वगी रहा," करत पुतळाबाईनं तिची धार काढली, आणि पुढच्या घरी गेली. तिसऱ्या घरापर्यंत तिच्या लक्षात आलं, की दूध काढून भागणार नाही. पाण्याच्या दोणी कोरड्या होत्या. गावची विहीर खोल, तिच्या हातानं एवढ्या गुरांना पाणी ओढायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती. तळं होतं, पण ते डांबरी रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्त्यावर पोलीस बसले होते.

तिनं सगळी दावी सोडली. म्हशी पुढं, बैल मागं, शेळ्या कुठंही. वाट त्यांना ठाऊकच होती. सगळा कळप तहानेनं घाईला आलेला, रस्त्याजवळ येताच एक तरणा शिपाई काठी आडवी धरून उभा राहिला.

"आवं मावशी, मागं फिरा. रस्ता वलांडायचा न्हाई. सायबाचा हुकूम हाय."

"हुकूम मना हाय ना?"

"व्हय, समद्या गावाला."

"बरं. मी नाय येत." पुतळाबाई रस्त्याच्या अलीकडे बूड टेकून बसली. "या जातील. यांनी कवा मोर्चा काढला?"

शिपायाला हसू आलं ते त्यानं गिळलं. तोवर भुरीनं त्याची काठी शिंगानं बाजूला केली होती. मागून एक साहेब ओरडला, "काय चाललंय तिकडं?" शिपाई वळून म्हणाला, "साहेब, जनावरं हायती. पान्याविना मरतील. मी जातो संगं, नजर ठेवतो म्हातारीवर." साहेबानं हात झटकला. त्याची रात्रही बिनझोपेचीच गेली असावी.

म्हशी पाण्यात शिरल्या आणि डोळे मिटून बसल्या. नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर. पुतळाबाई काठावर बसली होती. शिपाई थोडा लांब, पण बघत होता तो म्हशींकडेच.

"ती भुरकी पयल्या वेताची दिसती," तो म्हणाला.

पुतळाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठला रे तू?"

"जत तालुक्यातला. सदाशिव नाव माझं. आमच्याकडं दुष्काळ, म्हशी थोड्या. पर आईनं एक ठेवलीया." तो थांबला. "दोन वरसं झाली, घरी गेलो न्हाई."

"मग तुझी आई कुनाला सांगते धार काढायला?"

"सवताच काढती. हात दुकत्यात तिचं."

पुतळाबाईनं त्याच्या काठीकडे पाहिलं. याच माणसानं काल कुणाच्या डोक्यात काठी घातली असेल का, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो विचारला नाही. उत्तर ऐकून उद्या याच्याबरोबर तळ्यावर यायचं तरी कसं?

परत आणून प्रत्येक जनावर तिनं ज्याच्या त्याच्या खुंट्याला बांधलं. चारा ज्याचा त्याला घातला. ज्यांच्या घरी पेंढा संपला होता, त्यांच्यासाठी मात्र तिनं कान्हाच्या उडवीचा पेंढा उपसला. कान्हाची उडवी गावात सगळ्यांत उंच होती. पेंढ्या ओढताना तिला जरा बरंच वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दूध भांड्यात मावेना. नामादादाला तांब्याभर दिलं, कुत्र्यामांजरांना कुंड्यांत ओतलं. उरलेलं घेऊन ती रस्त्यापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. ज्यांच्या भीतीनं गाव पळालं, त्यांनाच दूध पाजायचं? गाव पळालं त्या रात्रीपर्यंत सखूचा नवरा परतलेला नव्हता. ती वळणार तेवढ्यात सदाशिवानं तिला पाहिलं. त्याचे ओठ वाळले होते.

तिनं पेला भरून पुढं केला. "तुना नाय देत. तुझ्या आईला देतंय."

सदाशिवानं टोपी काढली, पेला दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडे पाठ करून प्यायला.

दिवस तसेच चालले. पहाटे धारा, मग तळं, मग चारा, मग शेण काढणं, पुन्हा धारा. गुडघे दुखत होते, हातांची बोटं आखडत होती. पण वर्षानुवर्षं जे एकटेपण तिच्या उशाशी येऊन बसत होतं, ते आता येत नव्हतं. पडली की झोप. सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, आपल्या पावलांच्या आवाजानं माना वळताहेत. एकदा तळ्यावर बसलेली असताना तिला आपसूक ओवी आली, आणि दुसऱ्याच ओळीला ती दचकून गप्प झाली. गावावर एवढा कहर, कुणाच्या घरी काय झालंय ठाऊक नाही, आणि आपण गातोय? तिनं स्वतःच्या तोंडावर हलकेच मारून घेतलं. तरी मनात होतं ते होतंच. देवजी असता तर तिनं त्याला तरी सांगितलं असतं, की मला लाज वाटते पण मी सुखात आहे.

एका गोठ्यात मात्र ती अजून गेली नव्हती. कान्हा पनवेलला दूध घालायचा, म्हणून त्याचा गोठा पक्का, दाराला कुलूप. मागच्या खिडकीतून ती पेंढा आत टाकी, पाण्याची बादली दोरीनं खाली सोडी. आत एकच म्हैस, मैना, भरल्या पोटाची. बाकीची त्यानं आधीच कुणाकडे पाठवली होती. "उंबऱ्यात पाय ठेवनार नाय" हे शब्द आता कुणी ऐकायला नव्हतं, पण तिनं स्वतः ते ऐकले होते.

मग एका दुपारी मैना वेगळ्याच आवाजात ओरडू लागली. पुतळाबाईनं खिडकीतून पाहिलं. म्हैस उठत होती, बसत होती, शेपटी वर धरून कण्हत होती. पाण्याची पिशवी फुटून गेलेली, जमीन ओली, पण पिल्लाचं काही दिसत नव्हतं.

ती धावत घरी गेली आणि कोयता घेऊन आली. कोयंड्यावर घाव घालू लागली. तिसऱ्या-चौथ्या घावाला मागून आवाज आला.

"मावशी! कुलूप फोडताय? पोलिसाच्या म्होरं?"

सदाशिव होता. तिच्या धावण्यानं त्याला शंका आली होती.

"मग धर मना, ने चौकीवर," ती धापा टाकत म्हणाली. "पर आगोदर हिला सोडव."

त्यानं आत कान दिला.  कोयता तिच्या हातातून घेतला आणि दोन घावांत कोयंडा उपटला. दार उघडलं. सदाशिव आत गेला तरी पुतळाबाई उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मग पदर कमरेला खोचून आत शिरली.

मैनेचं पिल्लू अडलं होतं. एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. पुतळाबाईनं हाताला कोपरापर्यंत तेल लावलं आणि म्हैस कळ सोडेपर्यंत थांबून हात आत घातला. सदाशिवानं सदरा काढून खुंटीला अडकवला, मैनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी कानडी-मराठी मिसळून काहीतरी बोलत राहिला.

"गावला का पाय?"

"गावला. निसटतोय."

"घाई नगा करू. कळ येऊ द्या."

कळ आली. पाय सरळ झाला. मग दोघांनी मिळून कळेबरोबर ओढ घेतली, कळ थांबली की थांबले. शेवटी पिल्लू ओल्या गोणीसारखं दोघांच्या पायांवर पडलं. हलेना. सदाशिवानं त्याचे मागचे पाय धरून उलटं केलं, पुतळाबाईनं तोंडातला, नाकातला चिकटा बोटांनी काढला, पेंढ्याच्या बोळ्यानं अंग खसाखसा चोळलं. "उठ गो, उठ माझी बाय," ती म्हणत होती. वगार शिंकली. मैनेनं मान वळवून तिला चाटायला सुरुवात केली.

सदाशिव भिंतीला टेकून बसला. त्याचे डोळे भरले होते. "सांजच्याला आईला पत्र लिवतो," तो म्हणाला. "काय लिवायचं ते म्हयनाभर सुचत न्हवतं."

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईनं चिकाचा खरवस करून त्याला वाटीभर दिला. त्यानं तो वळचणीला बसून खाल्ला. त्याची तुकडी लवकरच हलली. जाताना तो दारात आला, वाकला, "मावशी, जातो" म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या गावाचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण तालुक्याचं तेवढं तिच्या लक्षात राहिलं. पुढं कितीतरी वेळा तिला वाटे, त्याची आई अजून स्वतःच धार काढत असेल का.

हळूहळू लोक परतले. कुणी जामिनावर, कुणी लपलेल्या जागेतून. सखूचा नवरा खांद्याला पट्टी बांधून आला. प्रत्येक जण आधी गोठ्यात डोकावे. सखू भुरीच्या गळ्यात पडून रडली, मग पुतळाबाईच्या. सगळेच तसे नव्हते. एकीनं विचारलं, "आमची म्हस एवढी कशी आटली?" एकानं पेंढा कमी झाल्याची कुरकूर केली. पुतळाबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका सकाळी ती पहाटे उठली, काष्टा घातला, बाहेर आली, आणि घराघरांतून चरव्यांचे आवाज येत होते. ज्याची गुरं त्याच्याकडे गेली होती. हे व्हावं म्हणूनच तर ती राबली होती. तरी अंगणात उभी राहून तिला कुठं जावं ते सुचेना.

कान्हाला पोलिसांनी धरलं होतं, तो सगळ्यांच्या शेवटी सुटला. त्यानं मोडका कोयंडा पाहिला, आतली वगार पाहिली. त्याच्याआधीच घरी आलेल्या रखमानं त्याला सगळं सांगितलं असावं. बरेच दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी तो वगारीला गळ्यात नवं दावं बांधून पुतळाबाईच्या अंगणात घेऊन आला. मागं रखमा.

"वहिनी," तो म्हणाला. त्यानं दावं पुढं केलं. "ही तुझी."

वगार तिच्या पदराला हुंगत होती. पुतळाबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि खूप वेळ तो काढला नाही. हिला ठेवावं, खुंट्याला बांधावं, सकाळी हिच्या आवाजानं उठावं, एवढं एकच तिला हवं होतं.

"चारू कुठं हिला?" ती शेवटी म्हणाली. "पेंढा कुठला घालू? आनि आयपासून एवढ्यात तोडू नको. तुझ्याकडंच ठेव."

"मग तू ये," रखमा पटकन म्हणाली. "रोज ये. मैना तुना धार देते तशी मना नाय देत."

ती रोज जाऊ लागली. पहिले काही दिवस उंबऱ्याशी पाय जरा अडखळे, मग तेही गेलं. कान्हा तिच्यासमोर बसून चहा पिई. जुन्या गोष्टीबद्दल दोघंही बोलली नाहीत.

तशी चार वर्षं गेली. त्या जानेवारीत आलेलं संकट साऱ्यांना दिसलं होतं. त्याला तारीख होती, त्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. पुढचं मात्र सावकाश आलं. आधी मुरमाचे डंपर आले आणि खारीची शेतं बुजली. मग तळ्याची एक बाजू भरली गेली. पेंढा विकत आणावा लागे, तो आणायचा तर टेम्पो करून लांबून. पोरं कंपन्यांत लागली, कुणी खडी-वाळूचा धंदा धरला, कुणी भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या. जिथं गोठा होता तिथं खोली उठली. एकेक घरचं जनावर टेम्पोत चढून जाई. पुतळाबाई प्रत्येक वेळी दारात येऊन विचारी, "कुठं नेतंव?" कुणी नीट सांगे, कुणी "बाजारात" म्हणून तोंड फिरवी. बाजारातून पुढं कुठं, हे विचारायची कुणाला हिंमत नव्हती. भुरी गेली त्या दिवशी सखू घरात दार लावून बसली.

या वेळी कुणी कुठं पळालेलं नव्हतं. सगळे घरीच होते, आणि तरी गुरांना कुणी नव्हतं. पुतळाबाई एकटी काय काय सोडणार, काय काय बांधणार?

कान्हाच्या गोठ्याच्या जागी दोन मजली घर बांधायचं ठरलं. मैना त्याआधीच म्हातारपणानं गेली होती. वगार आता म्हैस झाली होती, एकदा व्यालेली. कान्हा पुतळाबाईकडे आला आणि अंगणात उकिडवा बसला.

"वहिनी, इचारायला आलोय."

त्यानं काय विचारायचं आहे ते न सांगताच तिला कळलं. तिनं अंगणातल्या रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं.

"बाजारात नाय," ती म्हणाली. "जिथं गवत हाय तिथं. आनि घर मी बघनार."

तिनं घर शोधलं. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत गोजरा नावाची बाई होती. मिठागरावर एकेकाळी दोघी शेजारी काम करत. तिच्याकडे थोडं रान होतं, ओढा होता. पुतळाबाई टेम्पोत म्हशीशेजारीच बसून गेली. सबंध वाटेत तिनं तिच्या मानेवरचा हात काढला नाही. वाडीत उतरवल्यावर ती गोजराला सांगत राहिली: उजवा मागचा सड जड आहे, आधी तो मोकळा कर. पावसाळ्यात गोठ्यात धूर कर. शिजवलेलं आंबोण थंड घालू नको. गोजरा सगळ्याला हो म्हणत होती. निघायची वेळ झाली तरी पुतळाबाईचं सांगणं संपेना. शेवटी टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

त्याच वर्षी सुभाषला कोपरखैरण्यात घर मिळालं आणि त्यानं आईला नेलं. घर लहान, पण नळ आत, संडास आत. जयमाला तिला जपे. शेजारी कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं, "आजी, तुम्ही गावच्या का?" असं कौतुकानं विचारत. पुतळाबाई हो म्हणे. पहाटे मात्र ती उठून बसे. दुधाच्या पिशव्या दारात पडल्याचा थप्प आवाज येई. कुठल्या म्हशीचं दूध, तिला कुणी पाणी दाखवलं का, हे त्या पिशवीवर कुठंच लिहिलेलं नसे. जयमाला तिला म्हणे, "झोपा ना आई, कशाला उठता?" ती पडून राही, पण हात आपोआप मुठी उघडत-मिटत असत.

दिवाळीनंतर एकदा तिनं हट्टच धरला. सुभाषला सुट्टी नव्हती, म्हणून जयमाला तिला घेऊन निघाली. पनवेलला एसटी बदलून, मग पायी, ओढा ओलांडून दोघी वाडीत पोहोचल्या. जयमालाच्या साडीला कुसळं लागली होती, ती वैतागली होती.

म्हैस ओढ्याच्या काठी चरत होती. अंगावर तुकतुकी, पोट भरलेलं, शेजारी तिचं पारडू. पुतळाबाई आंब्याच्या आडोशालाच थांबली.

"अगो, जवळ ये ना," गोजरा म्हणाली. "आता धारेचीच येळ हाय. तूच काढ आज."

पुतळाबाईचा हात पुढं झाला आणि मागं आला. "नको."

"का गो?"

"तिना आता तुझी सवय लागलीय. मी हात लावला तर दोन दिवस तुना दूध नाय द्यायची. वर पुन्यांदा वाट बघत बसल." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "तूच काढ. मी हितूनच बघतंय."

गोजरानं चरवी घेतली. म्हशीनं मान वळवली, कान हलवले, आणि शांत उभी राहिली. दुधाची धार चरवीत वाजू लागली. झाडामागं उभ्या असलेल्या सासूकडे जयमालानं पाहिलं. आजवर तिनं सासूला असं कधी पाहिलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते, जणू ती लांबूनच म्हशीला काहीतरी सांगत होती. जयमाला तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

चहा झाला. उन्हाळ्यासाठी गवत कापून ठेवलंय का, हे पुतळाबाईनं दोनदा विचारलं, गोजरानं माळा उघडून दाखवला. मग एसटीची वेळ झाली.

गाडीत खिडकीशी बसल्यावर जयमाला न राहवून म्हणाली, "आई, एवढ्या लांब आलात. हातसुद्धा लावला नाहीत. मग कशाला आलो आपण?"

पुतळाबाई बाहेर बघत होती. डोंगर मागं मागं जात होता.

"बघायला," ती म्हणाली. "खाते का नीट, ते बघायला."

मग थोड्या वेळानं, जयमालाला वाटलं ती झोपली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पुढच्या टायमाला तू पन धार काढून बघ. तुझे हात मऊ हायेत. तिना आवडतील."

जयमाला हसली. "येईन," म्हणाली.

गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली.